जमादाराची झोप

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर वडील समोर बसलेले असले तरी मी वसमतच्या गादीवाल्या मामूंचं नाव घेतो, आणि वडीलही मान हलवतात. मामू आमच्या नात्यातले नाहीत. अख्खी गल्ली त्यांना मामू म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मामूंच्या हातची गादी, उशी किंवा रजई ज्याच्या अंगाला कधी लागली नाही असा माणूस वसमत तालुक्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो रात्रभर कूस बदलत असणार, अशी मामूंची पक्की समजूत आहे. भावाभावांची भांडणं, पित्त, परीक्षेत नापास होणं, निवडणुकीत पडणं, या सगळ्यांचं मूळ एकच, ते म्हणजे कच्ची झोप. मामूंच्या हिशेबी माणसांच्या दोनच जाती आहेत, झोपलेले आणि न झोपलेले.

त्यामुळे त्यांच्या दुकानात गादी घेणं सोपं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की मामू माप विचारत नसत. कोणत्या कुशीवर झोपता, जेवण किती वाजता, घरात कुणाशी अबोला आहे का, हे आधी विचारत. साखर कारखान्यातले एक अधिकारी एकदा कंबर धरून आले आणि जाडजूड गादी करून द्या म्हणाले. मामूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, "साहेब, तुमाला गादी न्हाई लागत. तुमाला राग लई हाय. आठ दिवस कुणावर वरडू नका, मग या. गादी कुठं पळून जात न्हाई." अधिकारी तिथेच ओरडले. मामू माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, बराबर वळखलं का न्हाई?" डोंगरकडा गावचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची गादी न्यायला आले, तेव्हा मामूंनी त्यांनाच त्या गादीवर आडवं व्हायला लावलं. ते लाजून म्हणाले, "मामू, गादी पोरीची हाय." मामू म्हणाले, "पोरगी तर झोपंल तिकडं. झोप उडणार हाय तुमची. पडा गुमान." ते पडले, आणि त्यांची शेवटची बस निघून गेल्यावर जागे झाले. त्या रात्री ते मामूंकडेच जेवले.

कापूस पिंजायची मशीन मामूंच्या दुकानात तीस-पस्तीस वर्षं धडधडत होती. तिने मामूंचे दोन्ही कान घेतले होते. डाव्या कानाजवळ तोंड नेऊन मोठ्याने बोललं तर थोडं ऐकू जायचं; उजवा कान नुसता शोभेला होता. त्यामुळे फोनचा त्यांना काही उपयोग नव्हता. मामूंना याचं दुःख नव्हतं. उलट, "लोकांच्या निम्म्या तकलीफी कानातून आत येतेत," असं ते म्हणत.

मी शिरड शहापूरचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तेव्हा वडील मला घेऊन मामूंच्या दुकानात आले होते ते फक्त एक रजई घ्यायला. मामूंनी रजई दाखवलीच नाही. माझ्याकडे बोट दाखवून वडिलांना विचारलं, "हे लेकरू किती दिवसांपासून झोपलं न्हाई?" वडिलांनी खरं ते सांगितलं, की आम्ही तीन दिवस खोली शोधून राहिलो. मामूंनी दुकानावरच्या पत्र्याच्या माळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वर कापसाच्या गोण्या हायेत. त्या सरकव अन् पड." मी पुढची तीन वर्षं तिथे राहिलो. भाडं नव्हतं, अट एकच होती. दहा वाजता दिवा बंद. अभ्यास राहिला तर पहाटे चारला उठावं. जागरण करून पास झालेला माणूस मामूंच्या लेखी नापासच.

मी शेवटच्या वर्षाला असताना दिवाळीच्या आधी एका घरातून जुन्या गाद्या पिंजायला आल्या. हातगाडीच्या मागे एक तांबूस कुत्रं चालत आलं. गाद्या पिंजून परत गेल्या, कुत्रं राहिलं. मामींनी दारातूनच बजावलं, "घरात पाऊल टाकायचं न्हाई त्यानं." मामूंनी मान्य केलं. दुकान काही घर नव्हे, एवढीच दुरुस्ती त्यांनी मनातल्या मनात केली असावी. कुत्रं दिवसभर दुकानात मशीनजवळ पसरून घोरायचं आणि रात्री उठून गल्लीभर फिरायचं. प्रत्येक दारासमोर थांबून, आत माणसं आहेत ना याची खात्री केल्यासारखं भुंकायचं आणि पुढच्या दाराशी जायचं. समोर राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींनी त्याचं नाव जमादार ठेवलं. ते रागाने ठेवलं होतं, पण मामूंना फार आवडलं.

गल्लीतली माणसं महिनोन्महिने जागी होती. मामूंना मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. अखेर उन्हाळा लागता लागता गुरुजी दुकानात आले आणि मामूंच्या डाव्या कानात म्हणाले, "मामू, आठ दिवस देतो. हे कुत्रं रात्री गप झालं नाही तर पोत्यात घालून लांब रानात सोडून येणार. टेम्पोवाल्याशी बोलणं झालंय."

मामू म्हणाले, "गुरुजी, त्याला झोप लागत न्हाई म्हणून ते भुंकून राहिलं. तुमाला झोप लागत न्हाई तर तुमी माझ्यावर भुंकून राहिले. तुमाला कुणी पोत्यात घातलं का?"

गुरुजी तरातरा निघून गेले. पण मामू गंभीर झाले होते. आपल्या दुकानात, आपल्या कापसात राहणारा एक जीव रात्री झोपत नाही, ही त्यांना धंद्याची बदनामी वाटत होती. शिवाय ते कुत्रं त्यांना आवडत होतं. हे ते बोलून दाखवत नसत. पण पोत्याचा विषय निघाल्यापासून ते दुकानातली रिकामी पोती घडी करून माळ्यावर ठेवू लागले, जणू पोती संपली की बेत संपेल.

त्या दिवसापासून मी मामूंचा कान झालो. ते संध्याकाळी उपाय करायचे, आणि रात्री तो लागू पडला का, हे मी सकाळी त्यांना सांगायचं. पहिल्या दिवशी त्यांनी जमादारासाठी लांब धाग्याच्या कापसाची गादी शिवली, पक्के टाके घालून, चारही कोपऱ्यांना गोंडे लावून. जमादाराने ती हुंगली आणि बाजूच्या फरशीवर बसला. दुसऱ्या दिवशी सावरीच्या कापसाची उशी झाली. तिच्यावर त्याने पंजासुद्धा ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला दिवस मावळायच्या आत भाकरी घालून मामू स्वतः कालव्यापर्यंत फिरवून आले. परतताना मामू दमले होते. चौथ्या दिवशी गादीची दिशा बदलली.

आणि रोज सकाळी मामू विचारायचे, "काय रे, भुंकलं का?"

मी पहिल्या सकाळी खरं सांगितलं. त्यांचा चेहरा असा पडला की दुसऱ्या सकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई मामू. झोपलं." तिसऱ्या सकाळीही तेच, चौथ्या सकाळीही तेच. ज्या माणसाने मला तीन वर्षं छप्पर दिलं त्याला एवढं समाधान द्यावं, असा माझा विचार होता. तो विचार किती अर्धवट होता हे त्याच दुपारी कळलं. मामूंनी गुरुजींना हाक मारून बोलावलं आणि छाती पुढे काढून सांगितलं, "जमादार तीन रात्री झाल्या, मस्त झोपून राहिला."

गुरुजींचे डोळे लाल होते. ते म्हणाले, "मामू, कालच्या रात्री मी चार वेळा उठलो. तुम्हाला कोण सांगतं हे?"

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. ते ओरडले नाहीत. हातातली सुई गादीत खोचून हळू म्हणाले, "माझे कान गेले म्हणून तुला इचारत होतो. आता तू बी गेलास का?"

माझ्या लबाडीने मामूंचे चारातले तीन दिवस वाया गेले होते; कारण उपाय लागू पडतायत असं समजून ते त्यांतच भर घालत राहिले, खरं कारण त्यांनी शोधलंच नव्हतं. उरलेल्या चार दिवसांनंतर टेम्पो येणार होता.

कारण सापडलं ते सहाव्या दिवशी, भर दुपारी. मी मशीनवर कापूस घालत होतो; मामू मशीनकडे पाठ करून खोळ शिवत होते. जमादार मशीनच्या पायाशी मेल्यासारखा झोपला होता. लाईट गेली. मशीन थांबली, आणि त्याच क्षणी जमादार ताडकन उठला, दाराशी गेला, रस्त्यावरच्या सायकलवर भुंकला, शेळीवर भुंकला, मग काहीच नव्हतं त्यावर भुंकला. मामूंना यातलं काही ऐकू आलं नाही; ते टाके घालत राहिले. थोड्या वेळाने लाईट आली, मशीन पुन्हा धडधडू लागली. जमादार परत आला, दोन गिरक्या घेऊन पडला आणि घोरू लागला.

मी धावत जाऊन मामूंच्या डाव्या कानात ओरडलो, "मामू, त्याला गादी नको. त्याला आवाज पायजे! मशीन बंद पडली की त्याला बारीक बारीक आवाज ऐकू येतेत, म्हणून ते उठतंय!"

मामूंना दिवस आणि रात्र सारखेच शांत. दिवसा दुकानात गोंगाट असतो आणि रात्री नसतो, हा फरक गल्लीत फक्त त्यांनाच माहीत नव्हता. त्यांनी मला दोनदा विचारलं, "खरं सांगून राहिलास ना?" मग ते उठले, मशीनवर हात ठेवून तिची थरथर बघत बराच वेळ उभे राहिले. "हिनं माझे कान खाल्ले," ते म्हणाले, "अन् ह्याला झोप देऊन राहिली."

रात्रभर मशीन चालवणं शक्य नव्हतं. माळ्यावर माझा एक टेबलफॅन होता, त्याच्या आत काहीतरी सैल झालं होतं आणि तो गिरणीसारखा घरघरायचा. मी तो खाली आणून जमादाराशेजारी लावला. परीक्षा तोंडावर होती आणि वर पत्रा तापलेला. मामूंनी विचारलं, "अन् तू काय करशील?" मी म्हटलं, "बघतो." त्यांनी घडी करून ठेवलेली पोती काढली, ओली केली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी चढून माळ्याच्या खिडकीला बांधली. परीक्षा संपेपर्यंत ते रोज संध्याकाळी शिडी चढून पाणी मारत होते. जमादार त्या रात्री झोपला. सातव्या आणि आठव्याही रात्री झोपला. नवव्या दिवशी गुरुजी आले, फॅनकडे पाहिलं, आणि टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलंय एवढं सांगून गेले.

मी पास झालो. आता कोकणातल्या एका शाळेत शिकवतो. मामू आता काम करत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचं कार्ड आलं, मोठमोठ्या अक्षरांत, त्यांच्याच हातचं. "जमादार गेला. सकाळी उठलाच न्हाई. रात्री त्यानं आवाज दिला आसंल का? मला काही आयकू आलं न्हाई. गल्लीतले लोक मला बरं वाटावं म्हणून काही बी सांगतेत. तू इचारून लिही."

मी गुरुजींना फोन केला, आणि त्याच संध्याकाळी हे पत्र टाकलं:

"ती. मामूंना शि. सा. न.

तुमचं कार्ड मिळालं. जमादाराने रात्री आवाज दिला की नाही, हे मला ठाऊक नाही. मी तिथे नव्हतो, म्हणून 'नाही दिला' असं लिहिणार नाही. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, मलाही सांगता येणार नाही, मी सकाळपर्यंत गाढ झोपलो होतो. मामू, माझ्याकडे पुरावा एवढाच आहे. पण जमादार नुसता कण्हला असता तरी गुरुजी उठले असते, हे तुम्हीही जाणता.

सुट्टी लागली की येतो. मामींना नमस्कार सांगा. आणि तुम्ही जागे राहू नका.

तुमचा,
माळ्यावरचा"