रिकामं राहिलं तर जव्हार

"ताई, मी तं पोशेऱ्याची. माजं नाव जव्हारच्या यादीत कसं? आन गैरहजर कशी?"

फोनवर सुशीला होती. एका संस्थेच्या मोफत नर्सिंग कोर्ससाठी तिने आम्ही बनवलेल्या वेबसाइटवर अर्ज केला होता. गुरुवारी ती पोशेऱ्याच्या केंद्रावर मुलाखतीला गेली, तर यादीत नावच नाही. तिचा अर्ज जव्हारला गेला होता आणि तिथल्या मुलाखती सोमवारीच उरकल्या होत्या. यादी लागली जव्हारच्या केंद्राच्या दारावर. तिला वेळेत कळणार कसं?

मी कोड उघडला. प्रत्येक गावाचं पान वेगळं, पण 'अर्ज भरा' हे बटण एकदाच लिहून सगळीकडे वापरलेलं. याला स्निपेट म्हणतात. लग्नपत्रिका एकच छापायची आणि पाहुण्याचं नाव तेवढं हाताने घालायचं, तसं. इथे नावाच्या जागी लिंक. खोडाळ्याच्या पानावर खोडाळ्याची, मोखाड्याच्या पानावर मोखाड्याची. पोशेऱ्याची लिंक उशिरा आली आणि कुणी भरलीच नाही.

रिकामं राहिलं तर? तर आपोआप जव्हारची लिंक. ही ओळ माझीच. जव्हारची ना मी! सगळ्या गावांची कामं शेवटी आमच्याकडेच येतात, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

ठाण्याला आमच्या कंपनीच्या सरांना फोन लावला.

"किती अर्ज चुकले?"

"नऊ."

"उमेदवारांनी चुकीचं केंद्र निवडलं, असं कळवून टाक."

"सर, निवडायला होतं काय? बटण एकच."

"त्यांना काय कळतंय!"

माझं डोकंच फिरलं. "रेंजसाठी टेकडी चढून अर्ज भरणारीला कळत नाही, आणि टेस्टिंग न करता साइट चालू करणाऱ्या आपल्याला कळतं?" असंच बोलले आणि फोन ठेवला. मग माझ्या नावाने संस्थेला मेल केला. चूक आमची आहे, या नऊ जणींच्या मुलाखती घ्या.

त्यांनी घेतल्या. सुशीलाची निवड झाली नाही. मी चाचरतच फोन केला.

"आता नाय झालं तं माजं मी बगीन," ती म्हणाली. "तवा तं मना बोलावलंच नव्हतं."

फोन ठेवून मी पुन्हा कोड उघडला.

आता लिंक रिकामी असली की माझं बटण दिसतच नाही. तिथे लाल अक्षरांत येतं, 'लिंक भरलेली नाही'. सर म्हणतात, फार वाईट दिसतं.

दिसू दे.