ओट्यापाशी ऊन

ओंडक्यांचं घर बांधायचं माझ्या डोक्यात आलं, तेव्हा बायकोने एकच अट घातली. "लाकडाचं बांधा नाहीतर दगडाचं. मला डिसेंबरात ओट्यापाशी ऊन हवं."

ही हौसेची अट नव्हती. मिशिगनमधल्या ॲन आर्बरला येऊन आम्हाला वीस वर्षं होत आली होती, पण तिथला हिवाळा तिला कधी मानवला नाही. तिची लॅब हॉस्पिटलच्या तळघरात होती. सकाळी अंधारात जायची, संध्याकाळी अंधारात परत यायची. डिसेंबर लागला की तिचं बोलणं कमी होई, ताटातलं अर्धं तसंच राही, आणि मार्चपर्यंत ती स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी वावरे. डॉक्टरांनी उन्हाऐवजी समोर बसायला प्रखर दिव्याची पेटी दिली होती. ती नेमाने बसे, पण म्हणे, "हे म्हणजे जेवणाऐवजी मेनू कार्ड वाचणं झालं." २००४ साली आम्ही गावाबाहेर दोन एकरांचा प्लॉट घेतला, त्याआधीचे दोन हिवाळे फार वाईट गेले होते. नव्या घरात तिचे हिवाळे सुधारणार नसतील, तर मला ते घर नको होतं.

ओंडक्यांच्या घराचं एक असतं. दहा इंच जाडीचे पाइनचे ओंडके एकावर एक रचलेले. पाऊस आणि बर्फ त्यांच्यावर सतत पडून चालत नाही. म्हणून छपराची वळचण रुंद लागते. नकाशा करणाऱ्या बाई फोनवर तीन फुटांखाली उतरायला तयार नव्हत्या. रुंद वळचण म्हणजे आत काळोख, अशी माझी समजूत. त्यातून लाकडाच्या भिंती उजेड गिळतात.

मी कागद घेऊन बसलो. आमच्याकडे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम चोवीस अंश वर असतो, जूनमध्ये एकाहत्तर. वळचणीची कड जमिनीपासून आठ फूट, खिडकीचा वरचा काठ सात फूट. जूनमध्ये अख्खी खिडकी सावलीत जात होती. डिसेंबरात वळचणीची सावली खिडकीच्या वरच्या चार इंचांवरच थांबत होती, आणि ऊन स्वयंपाकघरात पंधरा फूट आत शिरत होतं. मी गणित पुन्हा केलं. उत्तर तेच. ज्या तीन फुटांनी उन्हाळ्यात ऊन बाहेर ठेवलं, तेच तीन फूट हिवाळ्यात त्याला आत येऊ देत होते. हे कोन मला शाळेपासून माहीत होते. पण नको तेव्हा सूर्य डोक्यावर जातो आणि हवा तेव्हा वळचणीखालून वाकून आत येतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात उतरलं.

मग झाडांचा हिशेब केला आणि सगळं बिघडलं. प्लॉटच्या दक्षिणेला शेजाऱ्याच्या जमिनीत मेपलची रांग होती. साठ फूट उंच, आमच्या खिडकीपासून नव्वद फूट लांब. उंची मी सप्टेंबरात मोजून ठेवली होती. त्यांचे शेंडे तेहतीस अंशांवर येत होते, म्हणजे सूर्य भर दुपारीही त्यांच्यामागेच राहणार. घर मागे सरकवावं तर तिथे ओली जमीन.

बायकोला सांगितलं.

"नक्की?" तिने विचारलं.

"आकडे नक्की आहेत."

ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग प्लॉट विकून टाकू."

लाकडाच्या गिरणीवाले जानेवारीत आमचे ओंडके कापणार होते. त्याआधी हो की नाही कळवायचं होतं. मी म्हटलं, "निदान एकदा दुपारी जाऊन बघू." पण मिशिगनच्या डिसेंबरात सूर्य दिसणं हाच योग. दोन रविवार नुसत्या राखाडी आभाळात गेले. पुढच्या रविवारी आम्ही इंडियन ग्रोसरीतून परतत होतो आणि अचानक ढग फाटून ऊन पडलं.

"वळवा गाडी," ती म्हणाली.

प्लॉटवर घोटाभर बर्फ होता. घर नेमकं कुठे येणार, हे दाखवायला माझ्याजवळ पांढरी दोरी होती; ती बर्फावर दिसेना. बायकोने डिकीतून हळदीचं पाकीट काढलं.

"अगं, दोन पौंडांची आहे."

"मग स्वयंपाकघर मोठं काढा."

मी टेपने मापं घेत गेलो, ती मागून हळदीची रेघ ओढत आली. पांढऱ्याशुभ्र बर्फावर पिवळं स्वयंपाकघर उमटलं. खिडकीची जागा मोकळी सोडली. ती आत जाऊन ओट्यापाशी, दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिली.

मी झाडांकडे पाहिलं. सूर्य माझ्या हिशेबाप्रमाणे बरोबर त्यांच्यामागे होता. आणि तरीही तिच्या चेहऱ्यावर ऊन होतं. जाकिटावर, हातमोज्यांवर, मागे बर्फावर लांबच लांब ऊन, आणि त्यात मेपलच्या काटक्या-काटक्यांची बारीक निळसर सावली विणलेली. झाडांवर एक पान नव्हतं. कागदावर मी त्यांची साठ फुटी भिंत काढली होती.

"अहो," डोळे मिटूनच ती म्हणाली, "दर ऑक्टोबरात अंगणातून पोती भरभरून पाला काढता, तो कुठल्या झाडांचा असतो?"

आमच्या राहत्या घराच्या अंगणातही मेपलचीच झाडं होती. काही ऊन फांद्या अडवत असणार. किती, ते काढायचं सूत्र माझ्याकडे नव्हतं. वळचणीचं मला कळलं होतं. पण झाडंही उन्हाळ्यात छप्पर होतात आणि हिवाळ्यात बाजूला होतात, तेही कोणी नकाशा न काढता, हे मला आत्ता कळत होतं. थंडीने कान दुखत होते तरी निघावंसं वाटेना.

तीही निघेना. ती बोलत होती. डबे कुठे, मिक्सर कुठे, लोणच्याच्या बरण्यांना ऊन लागेल का. डिसेंबरात तिला इतकं बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. सूर्य हळूहळू पश्चिमेला सरकला, तशी ती त्याच्या मागोमाग वळत, चालत गेली आणि हळदीच्या रेघेपर्यंत पोचली.

"तिथे भिंत आहे," मी म्हटलं. "दहा इंचांची."

"दिसतेय ना. इथेही खिडकी लागेल."

मी टेप उलगडून तीन फूट मोजले आणि बुटाने तेवढी हळद पुसली.