टायर नसलेला खड्डा

पहाटेपासून धुकं असं दाटलं होतं की डोझरच्या पात्यापुढचा कचरा दिसत नव्हता. कुठं थांबायचं ते वासावरून ठरवावं लागत होतं. लेवलमामाला त्याचं नवल नव्हतं. बावीस वर्षं डेपोवर कचरा सपाट करून करून त्याचं खरं नाव आता पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं.

धुक्यात घारी बसून राहतात. पण ऊन लागून जमीन तापली की सगळ्या एकदम उठतात. त्याआधी कचऱ्यावर वीतभर माती पडलीच पाहिजे, कारण उतरणारी विमानं डेपोच्या डोक्यावरूनच धावपट्टीकडे जायची. त्या धावपट्टीवर पाखरं हाकायच्या जीपवर मामाची भाची होती. बहीण गेल्यावर मामानंच तिला वाढवली. "मामा घारी गोळा करतो, भाची हाकते. घरातल्या घरात धंदा!" असं म्हणून डेपोवरचे हसायचे.

त्या दिवशी मातीचे ट्रक चिखलात रुतले. मुकादम म्हणाला, "जुन्या टेकाडाची कड काप. चार वर्षांत तिची मातीच झालीय."

मामानं पातं लावलं. बाजारातली माशांची डोकी, आतडी जुन्या टेकाडांत वेगळा खड्डा करून पुरायची आणि वर खूण म्हणून जुना टायर ठेवायचा, ही तिथली रीत. टायर दिसला की पातं उचलायचं. कडेला टायर नव्हता.

तिसऱ्या फेरीला पात्याखालून काळं पाणी फुटलं. मागोमाग आतडी. वासानं मामाचे डोळे चुरचुरले, आणि त्याला आठवलं. गेल्या महिन्यात डोझर इथंच फसला होता. बाहेर काढायला त्यानंच तो टायर ओढून पट्ट्याखाली घातला होता. परत ठेवायचा राहून गेला.

तेवढ्यात धुकं फाटलं. आधी पाच घारी आल्या, मग पन्नास. मग मोजायची सोयच राहिली नाही.

फोन वाजला.

"मामा, घारी कशानं उठल्या? उन्हानं की तुमच्याकडं काही उघडं पडलंय?"

मुकादम पायरीवर चढून कानाशी आला. "ऊन म्हण. विमानतळाची आधीच एक नोटीस आहे. दुसरी आली तर तुझी नोकरी जाईल, माझी नाही."

"मामा, बोल ना! उन्हाच्या असल्या तर फटाक्यांनी पांगवते. विमान सहा मिनिटांवर आहे."

ऊन म्हटलं तर ती फटाके उडवील, घारी दोन गिरक्या घेऊन परत खड्ड्यावर येतील. अन्न सोडून घार जाते कुठं?

"तुला माझी शपथ, लपवू नकोस."

"शपथ कशाला घालतेस, बये. आतड्यांचा खड्डा उघडलाय, माझ्याच हातानं. तासभर हलायच्या नाहीत. थांबव ते विमान!"

फोन कट झाला. मुकादमानं कपाळावर हात मारला. "पाडून घेतलास ना स्वतःच्या पायावर धोंडा!"

मामाचं लक्ष आभाळाकडे होतं. विमान आलंच. चाकं खाली सोडलेली, खिडक्या दिसतील इतकं जवळ. पुढ्यात घारींचा भोवरा. मामानं डोझरचा दांडा असा आवळला की जणू विमानाचाच ब्रेक होता तो. विमान तसंच खाली येत राहिलं. मग एकाएकी कानठळ्या बसवणारा आवाज झाला, नाक वर झालं, आणि ते घारींच्या वरून आभाळात चढत गेलं.

मुकादम बसकणच मारून बसला. "शिंचं," एवढंच म्हणाला.

खड्डा बुजवायला माती कुठली? मामानं कचऱ्याच्या गाड्या वर यायचा रस्ता कापला आणि ढकलला खड्ड्यात. मुकादम ओरडत राहिला, "अरे, गाड्या काय डोक्यावरून आणू?" खड्ड्यावर हातभर माती बसली तशा घारी एकेक करून पांगल्या.

विमान दुसऱ्या फेरीला उतरलं तेव्हा पुन्हा फोन आला. भाचीचा आवाज ओला होता.

"लिहून द्यावं लागतं रे. कुणी उघडला, कसा. मी काय लिहू?"

"जे झालं ते. टायर मी हलवला, हे आधी लिही."

"तुला काढतील."

"काढतील तेव्हा काढतील. तू जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेवून घे आधी."

मामा खाली उतरला. पट्ट्यांत माती गच्च बसली होती, वाळली की दगड होते. त्यानं सीटमागची पहार काढली आणि एकेक कडी खरवडायला बसला.