वाजते ती जित्ती

दुपारचा भोंगा झाला की मामा गोदामाच्या दाराशी येत, दोन्ही हात कमरेवर ठेवत आणि असं काही अंग पिळत की मणका न् मणका कडकड वाजे. मग समाधानानं म्हणत, "घ्या, झाली पाठ मोकळी."

मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी कारकून होतो आणि ते सरकीची पोती वाहणारे हमाल. नवं मराठी राज्य होऊन चारदोन वर्षं झाली होती. सगळे त्यांना मामा म्हणायचे.

नवा माणूस तो आवाज ऐकून दचकायचाच. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर पाहिलं, छताचा वासा मोडला की काय म्हणून. कोणी टोकलं तर मामांचं उत्तर ठरलेलं.

"वाजते तं जित्ती हाय. मेलेल्याची पाठ वाजते का कुठं?"



एका हंगामात चालता चालता मामांच्या डाव्या पायातली वहाण गळून पडू लागली. त्यांना पत्ताही नसायचा. आम्ही हसायचो, मामाही हसायचे. गावातल्या डॉक्टरांनी मात्र बजावलं, की ओझं उचलू नका, पाठ अजिबात वाजवू नका, अकोल्याला जाऊन मणक्याचा फोटो काढून घ्या. मामांना वाटलं, पाठ पुरती मोकळी होत नाही म्हणून पाय जड पडतो. ते दिवसातून दहादा वाजवू लागले.

मी पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आले, एवढीच माझी कर्तबगारी. पण पायाळूचा पाय लागला की उसण जाते, हा आमच्याकडचा पक्का समज. मॅट्रिक झालेला मी मनातून हसायचो, पण त्यापायी मिळणारा मान काही सोडवत नव्हता.

"बाबूजी, फोटोपेक्षा तुमचा पाय बरा. लावून द्या," मामा एका दुपारी म्हणाले.

मी त्यांना अकोल्याच्या गाडीत बसवून द्यायला हवं होतं. ते रिकाम्या पोत्यांवर पालथे पडले आणि मी त्यांच्या कमरेला तीनदा हलकेच पाय लावला. मामा उठले. खुशीत त्यांनी नेहमीपेक्षा जोरात अंग पिळलं. "घ्या, झाली..." म्हणत जे खाली बसले, ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

अकोल्याला नेलं, पण फार उशीर झाला होता. पाठ वाजवल्यानं असं होतं का, मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, धडधाकट पाठीला सहसा काही होत नाही, पण आत बिघाड असला, पायातली शक्ती जात असली, तर तेच पिळणं महागात पडतं. शक्ती जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिली होती, हसत हसत. मला या उत्तरातून सुटका सापडली नाही. आजही सापडत नाही.

मामा त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. शेवटचं भेटायला गेलो तेव्हा मामी चुलीशी भाकरी थापत होत्या आणि मामा बाजेवर पालथे होते.

"एक डाव अजून लावून पाहा, बाबूजी."

नाही म्हणवेना. चप्पल काढली आणि पाय त्यांच्या कमरेवर टेकवला. मामींचे हात पिठात थांबले. मामा बाजेचा काठ घट्ट धरून वाट पाहत राहिले. मी पाय थोडा दाबला, तसाच ठेवला.

बऱ्याच वेळानं ते मान न वळवता म्हणाले, "लावा ना, बाबूजी. काऊन थांबले?"