हळदीचं बोट

गोजरबाईसोबत तांदूळ निवडायला बसायची कोणाची हिंमत नव्हती. आपलं एक सूप होईस्तोवर तिची तीन व्हायची, आणि वर आपल्या सुपातला खडा ती लांबूनच सांगायची.

म्हणून चिखलीला अर्जुनरावांच्या शेडमध्ये पहिली जागा तिला मिळाली. साल चौऱ्याहत्तर असेल, दुष्काळ नुकताच सरला होता. विजेच्या मीटरमध्ये लागणारा एक बारका नग तिथं तयार व्हायचा. तिळाएवढी पितळेची वाटी आणि तिच्यात उभी राहणारी पोलादी पिन. आम्ही सहा बाया चिमट्यानं पिन वाटीत बसवायचो आणि भिंगाखाली धरायचो. पिनेभोवती केसासारखी काळी रेघ दिसली की नग चांगला, पिन मोकळी फिरणार. रेघ दिसली नाही म्हणजे पिन जाड, ती अडकणार. मी चौथीपर्यंत शिकलेली, गोजरबाई तेवढीही नाही. पण ती रेघ वाचायला शाळा लागत नव्हती.

ती माझ्या शेजारी बसायची. आपलं काम करता करता म्हणायची, "मनकर्णे, तुह्या डब्यात दोन जाड आहेत."

"तुले तिथून दिसते?"

"मले कुठं दिसते? त्याच मले पाहून राह्यल्या."

दसऱ्याच्या तोंडावर पुण्याहून मशीन आली. तिच्या डोक्यावर गोल भांडं, ते सारखं थरथरायचं. आत पिना ओतल्या की भांड्याच्या कडेकडेनं त्या मुंग्यांसारख्या ओळीनं वर चढत. वर दोन जबडे एकेक पिन धरून तिची जाडी मोजत. बरोबर असली तर हिरवा दिवा, आणि पिन आपोआप वाटीत. जाड असली तर लाल दिवा, आणि पिन खालच्या डब्यात. आम्ही तोंडाला पदर लावून पाहतच राहिलो.

"बाप्पा!" गोजरबाई म्हणाली. "हिले चहा लागत नाही, हिचं लेकरू आजारी पडत नाही. आता आपल्याले काऊन ठेवतीन?"

देखरेखीला नीळकंठसाहेब होते, शिकलेले, शांत माणूस. ते म्हणाले, "मशीनमधून निघालेला माल शेवटी भिंगाखाली गोजराबाईच पाहतील. बाकीच्यांना डब्या भरायचं काम आहे."

पण मशीनला आधी काहीच माहीत नसतं, तिला दाखवावं लागतं. चालेल अशी जाडात जाड पिन साहेबांनी गोजरबाईकडूनच निवडून घेतली, मोजली, आणि एका मखमली डबीत ठेवली. दर सोमवारी हीच पिन मशीनला दाखवायची. हिच्याहून जाड ती लाल.

"या डबीला कोणी हात लावायचा नाही," साहेब म्हणाले.

मी लावला.

खंडेनवमी होती. शेडमधली पूजा माझ्याकडे असायची. चिमटे झाले, भिंगं झाली, मशीन झाली, साहेबांची सायकलसुद्धा झाली. टेबलावर ती डबी तेवढी राहिली. मला वाटलं, जिच्या जिवावर एवढी मशीन चालणार, तिलाच हळद नाही? मी डबी उघडली, पिनेला ओल्या हळदीचं बोट टेकवलं, हात जोडले आणि डबी मिटली. कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. उलट देवाला म्हटलं, आमच्या सहाही जणींचं चालू दे.

दसरा झाल्यावर साहेबांनी दिव्याच्या पिवळ्या उजेडात चिमट्यानं पिन उचलली, मशीनला दाखवली आणि मशीन सुरू केली.

पहिल्याच दिवशी गोजरबाईनं पंधरा-वीस नग बाजूला काढले. "साहेब, या जाड आहेत. रेघच नाही."

साहेबांनी एक पिन सोडवून पुन्हा मशीनमध्ये टाकली. हिरवा दिवा. दुसरी टाकली. हिरवा. तिसरी, हिरवा.

"गोजराबाई, तुमचीच पिन दाखवून मशीन लावली आहे. नग परत टाका."

"हाव," ती म्हणाली. नग उचलून डब्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग ती नग हातात घेऊन नुसती धरून ठेवायला लागली. भिंग बदलायची, खिडकीपाशी जायची, पदरानं डोळे पुसायची. घरी सुईत दोरा ओवून पाहायची. तो ओवला जायचा, तरी म्हणायची, "सुईचं नाकं मोठं आहे." मीच तिला बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, "बाई, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे."

बसस्टँडवर तिनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "त्याचीच खराब असंन. त्याले काय रेघेचं कळते?"

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी तिनं काम सोडलं. मी म्हटलं, "येडी झाली काय? साहेब तं काही बोलले नाहीत."

"ते नाही बोलले, पर मशीन बोलली नं. ती खोटं काऊन बोलंन, मनकर्णे? तिले काय पोट आहे?"

सोमवारी साहेबांनी मला दिवाळीची साफसफाई सांगितली. कपाट पुसताना डबी हाती आली. उघडली. पिनेच्या एका अंगाला पिवळं साल धरलं होतं, माझ्या बोटाचं. मी ती पिन भिंगाखाली धरली. हळदीनं पिन जाड झाली होती. मशीन दसऱ्यापासून त्या जाडीला बरोबर म्हणत होती. आणि गोजरबाईला दिसत होतं ते सगळं खरं होतं.

साहेब चार पावलांवर होते. हाक मारायची होती फक्त. पण मनात आलं, हे म्हणतील, बायांच्या देवधर्मानं लाखाची मशीन नासवली, आणि मला घरी बसवतील. मी पदराच्या टोकानं पिन पुसली आणि डबी मिटली. घरी जाऊन आधी पदर धुतला.

दिवाळीनंतर मशीन लावली, तर लाल दिवे भराभर लागायला लागले. मशीन आता जाड पिना चोख पकडते म्हणून साहेब खूश झाले. मग पुण्याहून पत्र आलं, मागच्या महिन्याचा माल अडकतो. साहेबांनी उसासा टाकला. "शेवटची तपासणी गोजराबाईंची होती. बिचारीची नजर गेली होती, तिनं स्वतःच ओळखलं." आम्ही सगळ्या माना हलवत होतो. मीही हलवली. आणि तिच्या खुर्चीवर मी बसले, पंख्याखाली, अकरा वर्षं.

गोजरबाई आपल्या गावी, अमडापूरला गेली. लग्नाकार्यात भेटायची, हसायची. पण सूप हातात घ्यायची नाही. "निवडा वो तुम्ही. माह्याकून खडे राह्यतीन." ते ऐकलं की मी दुसऱ्या खोलीत कामाला जायची.

बावीस वर्षांनी तिची सून वच्छला माझ्या दारात आली. "मावशी, सासूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन नाही म्हणतात. म्हणतात, माहे डोळे मीटरच्या शेडीतच मेले, आता कापून काय निंघंन? तुम्ही त्यायच्या मैत्रीण नं. सांगून पाहा."

मी तिच्यासोबतच परतीच्या बसनं गेले. ती ओसरीवर बसली होती. पावलाच्या आवाजावरून म्हणाली, "मनकर्णा काय? काऊन वं, रस्ता चुकली?"

मी सगळं सांगितलं. हळद, डबी, पदर, खुर्ची. एका दमात सांगितलं, थांबले असते तर राहिलं असतं.

तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "मंग मले बरोबर दिसत व्हतं?"

"हाव."

"अन् तुले मालूम व्हतं?"

"हाव."

"बावीस वर्षं?"



तिनं सुनेला हाक मारली. "वच्छला, त्या डॉक्टरले तारीख विचार. अन् इले चहा दे. साखर टाकू नको."

बुलढाण्याला ऑपरेशन झालं, मी दहा दिवस तिच्या खाटेजवळ होते. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची, पाणी दे, उशी सरकव. पुढं महिन्याभरानं जाड भिंगाचा चष्मा मिळाला, तेव्हा तिनं मला अमडापूरला बोलावून घेतलं. ट्रंकेतून फडक्याची गाठ काढली. गाठीत बारके पितळी नग होते. साहेब परत टाका म्हणाले तेव्हा डब्यात टाकायला तिचा हात धजला नव्हता, तेवढे अठरा. जन्मात तिनं केलेली चोरी तेवढीच.

ती उन्हात बसली. बाजारातून आणवलेलं भिंग चष्म्यापुढं धरून एकेक नग चिमटीत घेऊन पाहायला लागली, आणि पाहिलेला उजवीकडे ठेवत गेली. मी समोर बसून होते. सतरा नग उजवीकडे गेले. अठरावा तिनं पुन्हा पुन्हा फिरवला आणि डावीकडे ठेवला.

"ह्याले रेघ आहे," ती म्हणाली. "हा एक माहा चुकला."

मग ते सतरा फडक्यात बांधून तिनं माझ्या हातावर ठेवले.

"हे तुहे."