आरशात दिसणारा रस्ता

माझे पती आयुष्यभर ट्रक चालवीत होते. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि ट्रक सुटला. ते फार उदास राहू लागले, म्हणून मुलीने ट्रक चालविण्याच्या खेळासाठी संगणक जुळवून देण्याचे ठरविले. सुटे भाग घेण्यास आम्ही तिघे दुकानात गेलो.

दुकानदाराने संगणकाच्या भागांसाठी रंगीत दिव्यांची पेटी दाखविली.

"दिवे राहू द्या. खेळातल्या ट्रकच्या आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसेल ना?" ह्यांनी विचारले.

"त्याला भारी ग्राफिक्स कार्ड लागेल, काका."

"मग तेच द्या. डोळे मिटून गाडी हाकू की काय!"

मुलीने घरी संगणक, पडदा, खेळाचे स्टिअरिंग असे सर्व जोडले. ह्यांनी स्टिअरिंग धरले व शेजारी खुर्ची ओढली. पूर्वी घरच्यांना ट्रकमध्ये बसविले तर ट्रकचे मालक रागावत, म्हणून मी दारातूनच निरोप देत असे; ट्रकमध्ये कधी बसले नव्हते.

"बस गं," हे म्हणाले, "आता मालक मीच."