आधी कुणाचा फोल्डर?

देवाला सगळी लेकरं सारखी असतात, असं चारचौघींत मीही म्हणते. मनातून मला ते कधी पटलं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून मी आमच्या शहरालगतच्या सातारा गावातल्या खंडोबाला दर रविवारी जाते, उपास करते. पण जागराला खरा रंग चढायचा तो फुलंब्रीकडच्या मथुराबाई उभ्या राहिल्या की. धनगराची बाई, अक्षरओळख नाही, आणि आवाज असा की पुजारीसुद्धा हातातलं काम टाकून ऐकत बसायचे. घरची म्हाळसा सोडून देव धनगराच्या बाणाईमागे कसा गेला, ते त्या गायच्या आणि सगळे डोलायचे. मी आपली मनातल्या मनात म्हाळसेची बाजू घेऊन बसायची.

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना गाणी रेकॉर्ड करायचा नाद लागला. संगणकात दोन फोल्डर होते, एक माझ्या भजनांचा, एक मथुराबाईंच्या ओव्यांचा. तिच्यासाठी हे गाडी काढून फुलंब्रीला जायचे. माझं रेकॉर्डिंग व्हायचं ते पुंडलिकनगरच्या घरात, स्वयंपाक आटोपून कुकरच्या शिट्ट्या थांबल्यावर. हे मला फार झोंबायचं. पण माझ्या प्रत्येक भजनाच्या शेवटी ह्यांचं ‘वा, छान!’ ऐकू येई. हे गेल्यावर मी रोज संध्याकाळी माझा फोल्डर लावून बसू लागले, भजनांसाठी नव्हे, त्या दोन शब्दांसाठी. तिचा फोल्डर मी उघडलाच नाही. पुढे कळलं, मथुराबाईंना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, त्यात एक बारीकसं समाधानही होतं, आणि त्या समाधानाची मला भीती वाटली.

मग संगणक मध्येच बंद पडू लागला, आतून टकटक आवाज येऊ लागला. मी काय करणार? डबीतला भंडारा काढून त्याच्या जाळीवर रोज चिमूट चिमूट लावू लागले. एक दिवस तो सुरूच होईना, तेव्हा रिक्षात घालून उस्मानपुऱ्यातल्या दुकानात नेला. दुकानदाराने तो उघडला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

“आपा, ये हल्दी कायको डाले अंदर?”

“भंडारा आहे तो. देवाचा.”

त्याने पंख्यावरचा पिवळा थर ब्रशने झाडला, पण फेकला नाही, कागदावर घेऊन बाजूला ठेवला. म्हणाला, “पंखा जाम हो गया, गरम हो होके डिस्क गई. थोडी देर चलेगी, कब बैठेगी भरोसा नहीं. पहले कौनसा फोल्डर निकालूँ?”

काही झालं तरी माझा फोल्डर वाचवायचा, हे घरून निघतानाच ठरलेलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “मथुराबाईंचा.”

असं का झालं, मला सांगता येत नाही. मनाचा मोठेपणा म्हणाल तर तो माझ्यात नाही, हवं तर माझ्या सुनेला विचारा. चूक दुरुस्त करावी म्हणून मी पुन्हा बोलू गेले, तर शब्दच फुटेना. तोवर त्याने कॉपी लावली होती. मी बसल्या जागी खंडोबाला बोल लावत होते, की याही वेळी तिचंच का? तिचा फोल्डर सगळा निघाला. माझा उघडला आणि डिस्क थांबली ती थांबलीच. त्याने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी “नसीब, आपा,” म्हणत तिची गाणी माझ्या मोबाइलमध्ये भरून दिली.

घरी येऊन, जळत जळतच, मी पहिली ओवी लावली. गाण्याच्या आधी ह्यांचा आवाज आला, “हं, बोला मथुराबाई, चालू केलंय.” दुसरी लावली, तिच्यातही तेच. ह्यांचा आवाज माझ्यासाठी राहिला तो एवढाच, आणि तोही तिला हाक मारणारा. मी रडले, आणि रडता रडता हेवाही वाटत होता.

पुढच्या रविवारी देवळात न जाता मी फुलंब्रीला गेले. मथुराबाई बाजेवर पडून होत्या. त्यांच्या सुनेने त्यांना टेकवून बसवलं. मी मोबाइल सुरू केला तशी ती ओरडली, “आत्याबाई, ऐका की! ह्यो तर तुमचाच आवाज हाय!”

मथुराबाईंनी चालत्या हाताने माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर नेऊन ठेवला. तोंडातून आवाज निघत नव्हता, पण माझ्या तळव्याखाली गळा ओवीबरोबर हलत होता, शब्दाला शब्द. गाणं संपलं तरी तो हलतच राहिला. त्या पुढची ओवी म्हणत होत्या.

माझा हेवा गेला असं मी म्हणणार नाही. जागरात त्यांचं नाव निघालं की अजूनही पोटात दुखतं. पण त्या दिवशी निवड माझ्या हाती असती, तर मी हा गळा कायमचा मुका केला असता. देवाने ती माझ्या हाती ठेवली नाही, हे त्याचे उपकार.